उंबरठ्याच्या आत

"खाली बसा, नाहीतर बाहेर काढावं लागेल," अध्यक्ष म्हणाले. माझी वेळ संपली होती, पण गावाच्या विहिरी नासवणाऱ्या कारखानदाराचं नाव घ्यायचं राहिलं होतं. विधानसभेच्या सभागृहात बोलल्याबद्दल आमदारावर खटला भरता येत नाही. दाराबाहेर मात्र त्याचा वकील टपून बसला होता. मी बसले नाही. अध्यक्षांनी मला निलंबित केलं आणि म्हातारा मार्शल "चला ताई" म्हणत पुढे आला. चालता चालता मी ओरडत होते, पण समोरच्यांच्या गोंगाटात काही ऐकू जाईना. उंबरठ्यापाशी मार्शल थांबला. "जरा हं, बुटाची नाडी सुटली," म्हणत तो दारातच कण्हत वाकला. म्हातारा पडतोय की काय म्हणून सगळे गप्प झाले. त्या शांततेत मी नाव घेतलं. बाहेर आल्यावर त्या सुटलेल्या नाडीचे मनोमन आभार मानत खाली पाहिलं. मार्शलच्या बुटांना नाड्याच नव्हत्या.