पाण्यातलं झाड

धाकटीला जुळी झाली त्या वर्षी थोरली माझ्या नर्सरीत आली. ओठ फुटलेला होता.

"आई, घरात ठेवायला न मरणारं झाड दे. एक पान पिवळं पडलं की 'तुझा हातच करंटा' म्हणत नवरा मला बडवतो."

"ऊन किती येतं?"

"खिडकी उघडू देतो कुठे!"

"आणि पाणी?"

"तोच घालतो. दोन्ही वेळा, तांब्या भरभरून."

"अगं, मग मुळं तोच कुजवतोय की!"

"हे त्याला तू येऊन सांगतेस?"

मी मनी प्लांटची फांदी कापली. तो सावलीत वाढतो, नुसत्या पाण्यात राहतो, कितीही ओतलं तरी कुजत नाही. मी प्लास्टिकची बाटली घेतली.

"तुझ्या घरात काच नको गं बाई."

तिनं फळीवरची जाड बुडाची काचेची बाटली उचलली, हातात तोलून पाहिली.

"हीच दे."

मनी प्लांटचं एकही पान पिवळं पडलं नाही. तरी त्यानं हात उचललाच.

थोरली सुटून येईपर्यंत झाड माझ्याकडे आहे, प्लास्टिकच्या बाटलीत. थोरला जावई त्याच वर्षी मेला, जुळी महिन्याची व्हायच्या आत.