मागून आणलेला फ्रीज

महिनाभर खेटे घालूनही जो तलाठी हेंद्रेपाड्याकडे फिरकला नव्हता, तो नेमका शुक्रवारी सकाळी बबनच्या दारात उभा राहिला. आत त्याच्या थोरल्या मुलीला, शालनला, बघायला अंबरनाथहून पाहुणे आले होते. शुक्रवारी तिथल्या कारखान्यांना सुट्टी, म्हणून तोच वार ठरला होता.

धाकट्या कुमुदला ओबीसींच्या कोट्यातून नर्सिंगला जागा मिळत होती. पण क्रिमी लेयरमध्ये मोडत नसल्याचा दाखला सोमवारपर्यंत हवा होता, आणि त्यासाठी तलाठ्याने घर पाहून अहवाल द्यायचा होता. कारखान्यात हेल्परचं काम, पत्र्याच्या दोन खोल्या. यात कोण काय श्रीमंती शोधणार, म्हणून बबन कालपर्यंत निर्धास्त होता.

पण मुलगी दाखवायची तर घर भरलेलं दिसावं लागतं. ज्याच्याकडे पाहुणे येणार, त्याच्याकडे आळीने आपलं सामान नेऊन ठेवायचं, ही पाड्याची रीतच. सोफा आला भागीरथीकाकूचा, रंगीत टीव्ही गोदूमावशीचा. चुलतभाऊ शंकररावांनी तर टेम्पोतून फ्रीज पाठवला. त्यांनी रस्त्याकडेची जमीन बिल्डरला दिली होती आणि त्याच इमारतीत चार फ्लॅट स्वतःला ठेवले होते.

तलाठी सोफ्यावर बसला, पाणी प्यायला, वही काढली. बबनने त्याला दोनदा ओटीवर चला म्हणून खुणावलं. पंख्याखालची जागा सोडून तो कशाला उठतोय!

"फ्रीज तुमचाच?" त्याने विचारलं.

नवऱ्यामुलाचे वडील धर्मराज बशीत चहा ओतत होते, त्यांनी मान वर केली. बबनने नाही म्हणावं तर शालनचं हे तिसरं स्थळ हातचं जाणार, वर अब्रूचं खोबरं. हो म्हणावं तर कुमुदची जागा गेली. सोयऱ्याला श्रीमंती दाखवा, सरकारला गरिबी दाखवा, आणि दोन्ही एकाच खोलीत, एकाच वेळी! असा राग आला बबनला, पण काढणार कोणावर? दाराआडून कुमुद बघत होती. त्याने तिकडे पाहायचं टाळलं.

"आमचाच हाय, भाऊसाहेब."

तलाठ्याने फ्रीज लिहिला, टीव्ही लिहिला, सोफाही लिहिला. बरं चाललंय की तुमचं, असं म्हणून तो चहा पिऊन निघाला. बबन गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्यामागे गेला. हात जोडून खरं काय ते सांगितलं. चार माणसांत तुम्हीच कबूल केलंत, आता मी काय करू, असं म्हणून तलाठी सायकलवर बसला. मग जाता जाता एवढं बोलला, की फ्रीजचा खरा मालक येऊन लिहून देत असेल तर बघू.

दुपारी पाहुणे पसंती सांगून गेले. शंकरराव टेम्पो घेऊन फ्रीज न्यायला आले, तेव्हा बबनने त्यांना सगळं सांगितलं आणि आत्ताच्या आत्ता तलाठ्याकडे चला म्हणून गळ घातली.

शंकरराव फ्रीजवरची धूळ उगाच हाताने पुसत राहिले.

"बबन, आमच्या जयदेवचा दाखला काढला तेव्हा भाऊसाहेब आमच्याकडं पण आलेले ना. त्या दिवशी हा तुझ्याच पडवीत गोणपाटाखाली झाकून ठेवला होता. आता माझा म्हणून कसा लिहून देऊ?"

गोणपाट बबननेच टाकलं होतं.

टेम्पोत दार उघडू नये म्हणून कुमुदने फ्रीजला सुतळी बांधली, आणि गाठ पक्की बसली का ते दोनदा ओढून पाहिलं.