न बघितलेल्या मॅच

शमिका गोताड आठ वर्षं भारताकडून अष्टपैलू म्हणून खेळली. गुडघ्याने साथ सोडली तेव्हा तिने निवृत्ती घेतली आणि पहिल्यांदाच मैत्रीण रसिकाच्या सासरी, केळशीला गेली. पावस गावच्या कातळावर, उघड्या खडकाळ पठारावर, दोघी एकत्रच क्रिकेट खेळायला शिकल्या होत्या. तेव्हा रसिकाचा चेंडू शमिकापेक्षा जोरात यायचा. पण जिल्ह्याच्या निवड चाचणीच्या आठवड्यातच रसिकाचा साखरपुडा उरकला आणि चाचणीला शमिका एकटीच गेली.

रसिकाच्या सासूबाईंनी हौसेने आंबोळ्या वाढल्या. म्हणाल्या, "तुझी मॅच लागली की आम्ही सगळी टीव्हीसमोर बसायचो गो. ही बाय मात्र उठून मागल्या पडवीत जायची."

ते शमिकाच्या मनाला लागलं. जेवणं झाल्यावर रसिका मागे भांडी घासत होती. शमिका तिच्याजवळ जाऊन बसली.

"माझा एवढा राग होता तुला?"

रसिकाचे हात थांबले, पण तिने मान वर केली नाही.

 

"तुझी पहिली मॅच बघितली होती मी. तू आउट झालीस आणि मला आनंद झाला गो. मग परत नाय बसले."