निजून बघायचा टीव्ही

बसचा ड्रायव्हर टीव्हीच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, फरशीवर उताणा झोपला आणि त्याने मान डावीकडे कलंडू दिली.

"काका, बरं वाटत नाहीये का?" सेल्समन धावत आला.

"मला काय धाड भरलीय? बायको अशी पडून असते. जरा बाजूला व्हा, तुमचे पाय मधे येतायत."

सोबत आलेल्या मेहुणीने खालच्या आवाजात खुलासा केला. ताईला सगळं ऐकू येतं, कळतं, पण हलतात त्या फक्त पापण्या. एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नको. आणि उद्या भाऊजींची रजा संपतेय.

ड्रायव्हरचा हिशोब पक्का होता. ड्यूटी सहा ते तीन, म्हणजे नऊ तास. एक वाजता शेजारीण भरवून जाणार, तेवढीच माणसाची चाहूल. बाकी सगळा वेळ डावीकडच्या भिंतीकडे बघायचं, आणि त्या भिंतीवर बघण्यासारखं कॅलेंडरसुद्धा नव्हतं.

खालून बघितल्यावर पहिल्या टीव्हीतली माणसं काळवंडली. दुसऱ्यात दुकानातली ट्यूबलाईटच तेवढी चमकत होती. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही खुणावणाऱ्या तिसऱ्या, भिंतभर टीव्हीने निजलेल्या माणसाला तोंडच दाखवलं नाही. चौथा कोपऱ्यात होता, कोणी न विचारणारा. तो मात्र स्वच्छ दिसला.

"हा," ड्रायव्हर पडल्या पडल्या म्हणाला. "आता डिस्कचं यंत्र दाखवा. डिस्क संपली की?"

"परत पहिल्यापासून. आपोआप."

"लाईट जाऊन आली तर?"

सेल्समनने प्लग उपटला, पुन्हा खुपसला. यंत्राने क्षणभर विचार केला आणि ते चालू झालं. ड्रायव्हर उठून बसला आणि त्याने तेच स्वतःच्या हाताने आणखी तीनदा करून बघितलं.

"बस घेतानाही कोणी एवढी तपासत नसेल, भाऊजी."

"बस बंद पडली तर लोक उतरून जातात."

ड्रायव्हरने पिशवीतून डिस्क काढली. बायकोच्या आवडीचा सिनेमा, थिएटरात दोनदा बघितलेला. दोन तास चाळीस मिनिटं. म्हणजे नऊ तासांत तीन वेळा, वर एक तास.

"ताईला विचारलंत?"

"विचारलं. सिनेमा लावू का म्हटलं. एकदाच मिटल्या पापण्या."

सेल्समन खोक्याला चिकटपट्टी लावायला बसला. त्याच्या पाठीमागे दुकानाची नमुन्याची डिस्क चालू होती. निळा समुद्र, आणि समुद्राची माहिती सांगणारा एक हसतमुख आवाज.

"आता कासव येईल," सेल्समन मागे न बघताच म्हणाला. कासव आलं. "सहा वर्षं हेच चाललंय, काका. सकाळी लावायचं ते रात्रीपर्यंत. शटर ओढताना मी आधी हे बंद करतो, मग दिवे."

एवढं बोलल्यावर त्याचा हात थांबला.

"काकूंना बंद करायचं असलं तर?"

"डोळे मिटेल ती."

"आणि आवाज?"

ड्रायव्हरने यंत्राच्या खोक्याकडे बघितलं. चारही बाजू वाचून काढल्या, जणू कुठल्यातरी बाजूला तेही लिहिलेलं असेल.

"आवाज बंद करूनच लावतो मग."

"नऊ तास त्या घरात दुसरं कोण बोलणार आहे, भाऊजी?" मेहुणी म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

ड्रायव्हर तसाच दुकानाच्या मधोमध उभा राहिला. मग त्याने डोळे मिटले. समुद्र गेला, कासव गेलं, मेहुणी आणि सेल्समनही गेले. हसतमुख आवाज राहिला. तो भरतीबद्दल सांगत होता, मग ओहोटीबद्दल, मग पुन्हा पहिल्यापासून. ड्रायव्हरने पापण्या आणखी घट्ट दाबल्या. हात त्याने दोन्ही बाजूंना नुसते सोडून दिले होते. कानांकडे एकदाही नेले नाहीत.