एकटीचा हात

फळ्याकडे बघता बघता नवशीने हात जमिनीवर टेकला आणि ताडपत्रीखालची सगळी पोरं चिडीचूप झाली. मुक्ताबाईंचा खडू तिथेच थांबला. थोड्याच वेळात जमिनीच्या पोटातून गुरगुर आली, फळा थरथरला, पाण्याचा हंडा वाजला आणि सगळं पुन्हा शांत झालं.

तलासरीकडच्या त्या पाड्याला हादऱ्यांची आता सवय झाली होती. भिंतींना तडे गेले म्हणून शाळा अंगणात भरायची, त्याचंही कोणाला काही वाटत नव्हतं. भीती होती ती नवशीची. पोर जन्माची बहिरी, मुकी. पण आधी तिचा हात टेकायचा आणि मागाहून धरणी हलायची. बाकीची पोरं सरकत सरकत इतकी लांब गेली होती, की तिच्याभोवती दोन बैल बांधता येतील एवढी जागा मोकळी पडली होती.

जयवंतीला न्यायला आलेली तिची आई, संगीता, तरातरा आत आली. "बाई, बघितलंत ना? हिला घरी बसवा. नायतर उद्यापासून आमची पोरं येनार नाय. हीच बोलवते त्याला."

भूकंप कसा होतो, ते मुक्ताबाईंनी परवाच शिकवलं होतं. पण खरं सांगायचं तर नवशीचा हात खाली गेला की त्याही दोन पावलं मागे सरायच्या, आणि त्याची त्यांना फार लाज वाटायची.

"आपण सगळे तिच्याबद्दलच बोलतो," त्या म्हणाल्या. "तिला कोणी विचारलंय का? मीसुद्धा नाही विचारलं."

नवशीच्या खुणा एकट्या जयवंतीला कळायच्या. दोघी मिळून शेळ्या चारायच्या, आईने ते बंद करेपर्यंत. जयवंतीने आईकडे पाहिलंच नाही. उठली, मोकळी जागा ओलांडून नवशीसमोर बसली आणि हातांनी विचारलं. नवशीचे हात घाईघाईने बोलू लागले.

"ती बोलवत नाय," जयवंती म्हणाली. "ते खाली निजलंय. मधीच उठाया बघतं. ही थोपटते त्याला, तान्ह्या पोराला थोपटतात तशी."

"मग हलतं कशाला?" संगीताने विचारलं.

जयवंतीने पुन्हा खुणा केल्या. उत्तर लगेच आलं.

"एकटीचा हात पुरत नाय, सांगते. ते लय मोठं हाय."

जयवंतीने आपला हात नवशीच्या हाताशेजारी टेकला. मग एकेक पोर पुढे सरकलं. मुक्ताबाई पदर खोचून खाली बसल्या, शेवटी संगीताही बसली. जमीन कोमट होती. कोणी कूस बदलावी तशी ती तळव्यांखाली हलकेच हलली. सगळे थोपटत राहिले.

नवशीने आपला हात काढून घेतला, जयवंतीच्या मांडीवर डोकं टेकलं आणि बघता बघता तिला गाढ झोप लागली.

शाळा सुटायची वेळ टळून गेली. आधी हात कोणी उचलायचा, हे कोणालाच कळेना.