बाटला वाजत नाही

रावजी शेटनं ग्यासच्या बाटल्याला कान लावला. नोकर कोंडाजीनं तो लोखंडी बाटला कवेत धरून हळूच एका अंगाला कलवला, मग दुसऱ्या अंगाला. आतून काही आवाज आला नाही.

"सकाळी वाजत होता," शेट म्हणाला.

"व्हय शेट."

"आता वाजत नाही."

कोंडाजीनं बाटला उभा केला आणि कपाळावरचा घाम पुसला. मे महिन्याची दुपार, वर पत्रा. बोर्ली पंचतनात अजून वीज यायची होती, त्यामुळे गोळीच्या सोड्याला गावात बराच मान होता. सोड्यात भरायचा ग्यास मुंबईहून लाँचनं दिघीला उतरे आणि तिथून बैलगाडीनं दुकानात येई. हा बाटला निम्मा वापरून झाला होता.

सोड्याच्या आधी शेटनं आयुष्यभर नारळाचा व्यापार केला होता. नारळ कानाशी धरून हलवायचा. पाणी वाजलं की माल शाबूत. बाटला नारळापेक्षा जड आहे, एवढाच फरक त्याला दिसत होता. बाटला सकाळी वाजतो आणि दुपारी गप्प बसतो, हे ध्यानात आल्यापासून त्याची झोप उडाली होती. आतला डुचमळणारा रस कोणीतरी दुपारी काढून नेतो आणि रात्री परत आणून भरतो, असं त्यानं ठरवलं होतं. चोर परत कशाला भरील, असं त्याच्या बायकोनं, आवडाबाईनं, विचारून पाहिलं. सकाळी सापडू नये म्हणून, असं उत्तर मिळालं. मग समोरच्या वाण्याकडे बाटल्याचं वजन करून झालं. सकाळ-दुपार दोन्ही वेळा सारखंच भरलं. त्यावरून चोर मापाला पक्का आहे, एवढं सिद्ध झालं.

दुकानात कोंडाजीशिवाय दुसरा नोकर नसल्यामुळे तपासाला वेळ लागला नाही.

शेट जवळ सरकला. "खरं सांगितलंस तर कामावर ठेवीन. हरिहरेश्वराची आण, या कानाचं त्या कानाला कळणार नाही. नाहीतर आजच्या आज बाहेर, आणि कशासाठी ते गावाला सांगून."

कोंडाजीची मुलगी काशी. पुढच्या आठवड्यात तिचं लग्न होतं, दिवेआगरला. सोयरे गरिबाची पोर करून घेत होते. चोराची घेतली नसती. बाहेरच्या बाकावर दिवेआगरचेच दोघे जण एसटीची वाट बघत सोडा पीत बसले होते. कोंडाजीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली.

"घेतला शेट," तो हळूच म्हणाला.

"कसा?"

याचा कोंडाजीनं विचार केला नव्हता. "आपला... तांब्यात."

शेटनं मान डोलावली. त्याचा तांब्यावरच संशय होता.

तेवढ्यात दातार मास्तर आले. हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. त्यांना आवडाबाईनं परस्पर बोलावणं धाडलं होतं. मास्तरांनी बाटल्याची तक्रार ऐकून घेतली, त्याला हात लावला आणि चटकन काढून घेतला. मग ते वर्गात बोलावं तसं सावकाश बोलू लागले. ग्यास दाबला की त्याचा रस होतो, पण वाटेल तेव्हा नाही. प्रत्येक ग्यासची उष्णतेची एक हद्द असते. ती ओलांडली की कितीही दाबा, रस म्हणून वेगळा राहतच नाही. या ग्यासची हद्द एकतीस डिग्री. सकाळी बाटला त्याच्या खाली असतो म्हणून वाजतो. दुपारी पत्र्याखाली तो हद्दीच्या वर जातो, मग आत वाजायला काही वेगळं उरत नाही. माल मात्र तेवढाच.

"रस उरत नाही, ग्यासही उरत नाही," शेट म्हणाला. "मग आत आहे काय?"

"दोन्ही एकच झालेलं असतं."

शेटनं आता मास्तरांकडेही बारकाईनं पाहिलं. हे मास्तर गेल्या महिन्यात दोनदा कोंडाजीशी बोलताना दिसले होते.

मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांनी बाटल्याला ओली गोणपाटं गुंडाळायला लावली आणि विहिरीचं पाणी ओतायला सांगितलं. कोंडाजी पाणी काढू लागला. बाकावरचे दोघेही कळशा घेऊन धावले. एसटीला अवकाश होता. मास्तर स्वतः ओतत होते. पुष्कळ वेळ पाणी घालून झाल्यावर कोंडाजीनं बाटला पुन्हा कवेत घेतला आणि कलवला.

आत डुचमळलं. शेटनं ऐकलं, आवडाबाईनं ऐकलं, बाकावरच्या दोघांनी पाळीपाळीनं कान लावून ऐकलं. कोंडाजीनं तर कान न लावताच ऐकलं. त्याला ते छातीशी कळलं.

शेट खाली बसला. ओलं गोणपाट त्यानं बोटानं दाबून पाहिलं.

"माल गेला नाही, हे पटलं मास्तर," तो म्हणाला. "पण मघाशी यानं माझ्याजवळ चोरी कबूल केलीय. मग ती कशाची?"

बाकावरच्या दोघांनी हातातल्या कळशा खाली ठेवल्या. आवडाबाईनं डोळे मिटले. कोंडाजीचे हात बाटल्याभोवती तसेच राहिले. तो मास्तरांकडे बघत होता. ज्याला एवढं सगळं सांगता आलं तो हेही सांगेल, असं त्याला वाटत होतं.

मास्तरांनी कोंडाजीकडे क्षणभर पाहिलं. मग, पाणी ओतताना भिजू नये म्हणून खुंटीला अडकवलेला आपला कोट त्यांनी काढला, त्या उकाड्यात अंगात चढवला आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावून ते दुकानाची पायरी उतरले.