आखाजीपर्यंत कोरडं

भिकनने कुलूप काढून दार ढकललं, तर त्याची घरातली स्लिपर तरंगत तरंगत मालकाला भेटायला आली.

आत गुडघाभर पाणी होतं. बाहेर वैशाखाचं ऊन असं, की इंदिरानगरचे कावळे सावलीसाठी नंबर लावून बसलेले. आभाळात औषधालाही ढग नाही. मागे त्याची बायको लंकाबाई पिशवी धरून उभी होती. दोघं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला तिच्या माहेरी नामपूरला गेले होते, ते आत्ताच एसटीने परतले होते.

आता भिकनचं घर काय चीज होती, ते ऐका. नव्या घरात पहिल्याच आषाढात स्वयंपाकघराला ओल आली आणि ती थेट भिकनच्या डोक्यात चढली. तेव्हापासून उन्हाळ्यात तो गच्चीच्या भेगांत डांबर भरी. पावसाळ्यात छत्री धरून पन्हाळीतली पानं उपसे. हिवाळ्यात भिंतींना कान लावून फिरे. कॉलनीतले लोक म्हणत, त्याला विटेची सर्दीसुद्धा ऐकू येते. पुढच्या दाराला त्याने गुडघ्याएवढा सिमेंटचा उंबरा घातला. मोरीच्या तोंडाला लाकडी दट्ट्या केला. गावाला जाताना तो ठोकूनच जाई. आणि पश्चिमेचा पाऊस झोडपतो म्हणून स्वयंपाकघराचं मागचं दार काढून तिथे विटांची भिंतच उभी केली.

तिथे लंकाबाईचं बिनसलं. त्या दारातून वारा येई, कुंपणापलीकडच्या चिमणाबाईशी गप्पा होत, समोर कुरडया वाळत. दार गेलं आणि तिची दुपारच गेली. मागच्या आखाजीला तिने माहेरच्या माणसांदेखत नवऱ्याला धारेवर धरलं.

भिकनने मिशीला पीळ दिला. "पुढच्या आखाजीहून परतेपर्यंत माझ्या घरात पाणी दाखव. माझ्या हाताने भिंत फोडतो. नाहीतर पुन्हा त्या दाराचं नाव काढायचं नाही."

वर्षभर थेंब आत आला नाही. लंकाबाईही गप्प होती. यंदा निघताना मात्र तिचा उत्साह बघण्यासारखा होता. सणाची आवराआवर म्हणून तिने पीठ, गाद्या, कपडे, अगदी देवसुद्धा माळ्यावर चढवले. माहेरच्या मशीनवर भाचीला झबलं शिवते म्हणून फुलाफुलांचं कापड बरोबर घेतलं. नळ कोरडा होता. पाणी आलेलं कळावं म्हणून कॉलनीत सगळेच तो उघडा ठेवत. "नळाचं मी बघते," ती म्हणाली, "तुम्ही रिक्षा थांबवा."

भिकन पाण्यातून स्वयंपाकघरात पोचला. "अगं, नळ उघडाच!"

"अगं बाई, राहिलाच की!" लंकाबाईने पदर तोंडाला लावला.

"पण हे काय पावसाचं पाणी नाही!"

"तुम्ही पाणी म्हणाला होता. पावसाचं कुठं म्हणालात?"

भिकनने मोरीचा दट्ट्या ओढला. लाकूड फुगून दगड झालं होतं. पुढे उंबरा, मागे भिंत. घर इतकं पक्कं, की आत आलेल्या पाण्याचीही सुटका नव्हती.

कुंपणावरून चिमणाबाईचा आवाज आला. "भिकनभाऊ, पहार काढून ठेवलीये, देऊ का?"

काय करतो बिचारा! मागे जाऊन त्याने तळाची वीट फोडली, तशी पाण्याने अशी झेप घेतली, की चिमणाबाईच्या अळूची पानं त्या वर्षी छत्रीएवढी झाली. मग उरलेल्या विटाही त्याने उतरवल्या. वारा सुसाट आत शिरला. खरं सांगायचं तर त्यालाही बरं वाटलं, पण तो कबूल कसला करतो!

"उद्या परत बांधतो," तो पुटपुटला आणि सिमेंटच्या गोणीकडे गेला. माळ्यावर चढायची राहिलेली तेवढी एकच वस्तू. भिजून तिची शिळा झाली होती.

लंकाबाईने पिशवीतून भाचीचं झबलं काढलं, झटकलं, दोरीत ओवलं आणि मोकळ्या दारात पडदा म्हणून सोडलं. लांबीला बरोबर, रुंदीला बरोबर. बोटभर कमी नाही की बोटभर जास्त नाही.